चर्नेटच्या खोऱ्यातले स्थानक

रेल्वे स्थानक म्हटले, की आपल्या वसई-विरारच्या माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम गर्दी उभी राहते. पहाटेच्या गाडीत भाजीच्या नि फुलांच्या टोपल्या चढवणाऱ्या बायका, घड्याळाकडे पाहत जिना उतरणारे चाकरमाने, फलाटाच्या टोकाशी दप्तरे सावरीत उभी असलेली मुले. गाडी हाच आपल्या स्थानकाचा प्राण. तेव्हा गाडीच येत नाही असे स्थानक आपल्या कल्पनेत सहजासहजी बसत नाही. इंग्लंडच्या ग्रामीण भागात मात्र अशी शेकडो स्थानके आहेत. काही ढासळली, काही पाडली गेली, तर काही निराळ्या नात्याने आजही उभी आहेत.

त्यांपैकीच एका लहानशा स्थानकाची ही हकिकत. स्टॅफर्डशायर परगण्यात चर्नेट नावाची नदी आहे. तिच्या अरुंद, झाडीने भरलेल्या खोऱ्यात ऑल्टन या गावाखाली हे स्थानक १८४९ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, उघडले. १९६५ साली तेथून शेवटचा उतारू गेला. ते लंडनच्या प्रचंड स्थानकांसारखे विख्यात नाही. तरीही आपल्या वाचकांना त्याविषयी दोन शब्द सांगावेसे वाटले, याची कारणे दोन. एक असे, की त्याच्या परिसराचा इतिहास इंग्लंडमधील कॅथॉलिक समाजाच्या पुनरुज्जीवनाशी निगडित आहे. दुसरे असे, की जुनी वास्तू जपायची ती कशासाठी, हा जो प्रश्न आज आपल्या गावागावांतून उभा राहतो, त्याला या स्थानकाने एक सरळ उत्तर दिले आहे.

होड्यांच्या वाटेवर रूळ

रेल्वे येण्यापूर्वी या खोऱ्यात कालवा होता. मालवाहू होड्यांसाठी खणलेला हा कालवा १८११ साली फ्रॉगहॉलपासून युटॉक्सेटर या बाजारगावापर्यंत पोहोचला. घोडे काठाने चालत होड्या ओढीत, आणि चुनखडी, कोळसा, धातू असा जड माल या वाटेने जाई. ज्यांनी त्यावर पैसा घातला त्यांना हा कालवा शतकानुशतके चालेल असेच वाटले असणार. प्रत्यक्षात तो चाळीस वर्षेही टिकला नाही.

नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वे या कंपनीने १८४६ साली पार्लमेंटकडून मार्ग बांधण्याची परवानगी मिळवली आणि कालव्याचा कारभारही ताब्यात घेतला. डोंगर फोडून नवी वाट करण्यापेक्षा जी सपाट वाट आधीच खणलेली आहे तिच्यावरच रूळ टाकणे स्वस्त, हा हिशेब साधा होता. युटॉक्सेटरचा कालवा बंद झाला आणि बऱ्याच अंतरापर्यंत त्याच्याच पात्रावरून रेल्वे गेली. सुमारे २७ मैलांचा हा चर्नेट खोऱ्याचा मार्ग १३ जुलै १८४९ रोजी सुरू झाला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे ऑल्टनचे स्थानक आपल्या पहिल्या रेल्वेपेक्षा सुमारे चार वर्षांनी वडील आहे.

रेल्वे आली आणि खोऱ्याचे जीवन पालटले. ऑल्टनच्या शेजारचे स्थानक ओकामूर. तेथे तांब्याची तार ओढण्याचा कारखाना होता, आणि अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारयंत्राच्या वाहिनीसाठी याच कारखान्याने तांबे पुरवले. रानातले एक खेडे अशा रीतीने जगाच्या व्यवहाराला जोडले गेले. घड्याळसुद्धा बदलले. तोवर प्रत्येक गाव आपापल्या सूर्याप्रमाणे वेळ मानी. १८४७-४८ च्या सुमारास ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्यांनी लंडनची वेळ स्वीकारली, आणि स्थानकावरचे घड्याळ हे खेड्यात राजधानीची वेळ सांगणारे पहिले यंत्र ठरले.

टेकडीवरचा उमराव

स्थानकाच्या एका बाजूला चढण चढून गेले, की ऑल्टन टॉवर्स हा विस्तीर्ण प्रासाद लागतो. दुसऱ्या बाजूला, नदीच्या वर कड्यावर, ऑल्टनचा किल्ला आणि संत जॉनच्या नावाने बांधलेले वृद्धांचे आश्रयगृह आहे. स्थानक बांधले गेले तेव्हा या साऱ्याचा धनी होता जॉन टॅल्बट, श्रूजबरीचा सोळावा अर्ल. इंग्लंडमधील कॅथॉलिक उमरावांत त्याचे स्थान फार मोठे होते.

त्या काळाची थोडी आठवण येथे करून देणे जरूर आहे. धर्मसुधारणेनंतर जवळजवळ तीन शतके इंग्लंडमधील कॅथॉलिक लोक कायद्याने दडपलेले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बंधने एकेक करून सैल होत गेली, आणि १८२९ साली कॅथॉलिक मुक्तीचा कायदा होऊन त्यांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क मिळाला. पुढे १८५० साली पोपमहाशयांनी तेथे पुन्हा धर्मप्रांत स्थापन केले. ज्यांना पिढ्यानपिढ्या बंद खोलीत मिस्सा ऐकावी लागली होती त्यांना आता उघड्यावर चर्च बांधता येऊ लागले. पण बांधायचे कसे आणि बांधणार कोण?

या प्रश्नाला उत्तर म्हणून जो तरुण पुढे आला त्याचे नाव ऑगस्टस वेल्बी नॉर्थमोर प्युजिन. १८१२ साली जन्मलेल्या या वास्तुशिल्पीने १८३५ साली कॅथॉलिक पंथ स्वीकारला. टोकदार कमानींची मध्ययुगीन गॉथिक शैली हीच ख्रिस्ती उपासनेची खरी शैली, असे त्याचे ठाम मत होते, आणि त्या मताच्या प्रचारासाठी त्याने पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. अर्लने त्याला हात दिला. ऑल्टनपासून काही मैलांवरच्या चीडल गावी अर्लच्या खर्चाने प्युजिनने संत जाईल्सचे चर्च उभारले. १८४६ साली अभिषिक्त झालेल्या या चर्चचा निमुळता मनोरा २०० फूट उंच आहे. आतल्या भिंती, खांब, छत सारे रंगांनी आणि सोन्याने भरलेले आहे. कड्यावरचे आश्रयगृह आणि किल्ल्याची पुनर्बांधणी हेदेखील प्युजिनचेच काम. लंडनमध्ये पार्लमेंटच्या नव्या इमारतीचे अंतरंग सजवणारा कलावंत तो हाच. १८५२ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो वारला. त्याच वर्षी अर्लचेही निधन झाले.

स्थानकाची बांधणी

अशा या दोन उंचवट्यांच्या मधोमध, खाली नदीकाठी, स्थानक आहे. टेकडीवर गॉथिक शैलीचे एवढे साम्राज्य असताना हे स्थानक गॉथिक नाही, याचे पाहणाऱ्याला नवल वाटते. ते इटालियन धर्तीचे आहे.

याचा उलगडा होण्यासाठी त्या काळच्या वास्तुशिल्पींची अडचण ध्यानात घ्यावी लागेल. चर्च कसे असावे याचा शेकडो वर्षांचा परिपाठ होता. घर, वाडा, किल्ला, बाजार यांचेही नमुने होते. रेल्वे स्थानक मात्र मानवजातीने पूर्वी कधी बांधलेलेच नव्हते. लिव्हरपूल ते मँचेस्टर ही उतारूंची रेल्वे सुरू होऊन १८४९ साली पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. साहजिकच शिल्पींनी जुन्या घरांची रूपे उसनी घेतली. कोठे शेतकऱ्याच्या टुमदार घराचे रूप, कोठे जमीनदाराच्या गढीचे, तर कोठे इटलीच्या खेड्यातील बंगल्याचे. नॉर्थ स्टॅफर्डशायर कंपनीने स्टोक या आपल्या मुख्य ठाण्यासाठी सतराव्या शतकातील इंग्रजी हवेलीचा नमुना घेतला. चेडल्टन या खेड्यात जुन्या इंग्रजी धाटणीचे घरगुती रूप दिले. ऑल्टनला मात्र इटलीचा बंगला आणला. अर्लच्या प्रासादाकडे येणाऱ्या बड्या पाहुण्यांना पहिले दर्शन याच इमारतीचे होणार, हे त्या निवडीमागे असावे असे समजणे गैर होणार नाही.

इटालियन धर्तीचा म्हणजे काय? टोकदार कमानीऐवजी अर्धवर्तुळाकार कमान. उंच, टोकेरी छपराऐवजी पसरट, कमी उताराचे छप्पर. त्या छपराच्या वळचणी भिंतीबाहेर चांगल्या पुढे आलेल्या आणि खाली टेकूंनी तोललेल्या. इमारतीचे सर्व भाग एका उंचीचे नसतात. एक भाग उंच, दुसरा बसका, आणि तरीही सगळ्यांचा मेळ जमलेला. ही रचना स्थानकाच्या गरजांना चपखल बसते. स्टेशनमास्तरला अष्टौप्रहर जागेवर राहावे लागे. म्हणून त्याचे घर उंच. उतारूंना घटकाभर थांबायचे. म्हणून प्रतीक्षालय बसके आणि फलाटाला लागून. पुढे आलेल्या वळचणींखाली पाऊस चुकवीत उभे राहता येते. इटलीत ज्या वळचणी उन्हासाठी होत्या त्या स्टॅफर्डशायरच्या पावसात कामी आल्या. आपल्या कोकणी घराची पडवी ज्याला ठाऊक आहे, त्याला ही सोय निराळी समजावून सांगण्याची जरूर नाही.

या धर्तीचा वापर रेल्वेने ऑल्टनपूर्वीही केला होता. लंडन ते ब्रायटन मार्गावर डेव्हिड मोकाटा याने १८४० च्या सुमारास इटालियन वळणाची स्थानके रचली. डर्बीशायरमध्ये फ्रान्सिस थॉम्पसन याने नॉर्थ मिडलँड कंपनीसाठी जी लहान स्थानके बांधली, ती इतकी डौलदार होती की त्यांचे आराखडे घरबांधणीच्या ग्रंथात नमुना म्हणून छापले गेले. खेड्यातल्या एका कोपऱ्यात, दिवसाकाठी मोजक्याच गाड्या थांबणाऱ्या ठिकाणीसुद्धा इमारत नीटनेटकी व टिकाऊ असली पाहिजे, असे त्या पिढीने मानले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नावाची गोष्ट

पुष्कळ वर्षे ऑल्टनचे स्थानक प्युजिनने बांधले असे लोक सांगत. सांगण्यास आधारही वरवर भक्कम होता. जागा त्याच्या आश्रयदात्याची, काळ त्याचा, आणि आसपास जिकडे पाहावे तिकडे त्याचेच हात. जवळच्या एका फाटकघराचा आराखडाही त्याचाच. मग स्थानक तरी दुसऱ्या कोणाचे असणार?

परंतु इमारतीकडे नीट पाहिले तर शंका येतेच. अर्धवर्तुळाकार कमानींचा इटालियन बंगला प्युजिनच्या हातून व्हावा, हे त्याच्या साऱ्या शिकवणुकीच्या विरुद्ध. त्याने १८४३ साली लिहिलेल्या एका पुस्तकात रेल्वेच्या बांधकामांचाही समाचार घेतला आहे. रेल्वेला भव्य बांधकामाची उत्तम संधी होती. भक्कम आधारभिंती, पाणी निथळेल असे उतार आणि साध्या कमानी एवढ्यावर काम भागले असते. पण शिल्पींनी खोटे किल्ले आणि अर्थशून्य नक्षी यांतच पैसा घालवला, अशी त्याची तक्रार. जे सोयीसाठी, बांधणीसाठी वा औचित्यासाठी आवश्यक नाही ते इमारतीत असू नये, हा त्याचा सिद्धांत होता. रेल्वेचा तो शत्रू मात्र नव्हता. त्याचे आयुष्य एका बांधकामावरून दुसऱ्यावर जाण्यात, म्हणजे पुष्कळसे आगगाडीतच, गेले.

पुढील अभ्यासकांनी हे स्थानक बहुधा एच. ए. हंट यांचे असावे असा निर्वाळा दिला आहे. हे गृहस्थ नॉर्थ स्टॅफर्डशायर कंपनीसाठी काम करीत; स्टोकचे देखणे स्थानकही त्यांच्याच नावावर आहे. प्युजिनच्या मानाने हंट यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. नाव बदलल्याने इमारत लहान झाली काय? काल जी भिंत पाहून यात्रेकरूसारखे लोक थबकत, ती आज केवळ कंपनीच्या शिल्पीची ठरली म्हणून तिचे दगड हलके झाले काय? आपल्या समाजालाही ही सवय आहे. एखादे घर पोर्तुगीज काळचे म्हटले की आपण मान डोलावतो; आजोबांनी बांधले म्हटले की ते नुसते जुने घर राहते. थोरांच्या नावामुळे वास्तूकडे लक्ष वेधते हे खरे. पण एकदा लक्ष गेले, की मग वास्तूनेच बोलावे आणि आपण ऐकावे. मजेची गोष्ट अशी, की प्युजिनची कसोटी लावली तर हंट यांचे हे स्थानक चांगलेच उतरते. शैली त्याला रुचली नसती. परंतु घर घरासारखे, प्रतीक्षालय प्रतीक्षालयासारखे, आणि वळचण पाऊस अडवण्यासाठी, यात खोटे काही नाही.

सहलींच्या गाड्या

सोळाव्या अर्लनंतर त्याचा वारस, सतरावा अर्ल, १८५६ साली तरुणपणीच वारला आणि या घराण्याची कॅथॉलिक शाखा संपली. त्याने मालमत्ता कॅथॉलिक हाती राहावी अशी तजवीज केली होती. पण न्यायालयात ती टिकली नाही. पदवी आणि जहागीर घराण्याच्या प्रॉटेस्टंट शाखेकडे गेली. दरम्यान १८५७ साली प्रासादातील चित्रे, शस्त्रे, सामानसुमान यांचा मोठा लिलाव झाला. ज्या घरातून चर्च बांधण्यासाठी पैशाचा ओघ वाहिला त्याच घरातील वस्तू नग मोजून विकल्या गेल्या.

नव्या अर्लने १८६० साली प्रासादाच्या बागा लोकांसाठी खुल्या केल्या. येथून स्थानकाचे दुसरे आयुष्य सुरू झाले. उमरावांच्या पाहुण्यांसाठी सजवलेल्या फलाटावर आता कुंभारवाड्यांतील आणि गिरण्यांतील कामकरी उतरू लागले. स्टोक आणि आसपासची गावे चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. भट्ट्यांच्या धुरात आठवडा काढलेली कुटुंबे सुटीच्या दिवशी सहलीच्या खास गाड्यांनी येत आणि बागेत दिवस घालवून संध्याकाळी परतत. एवढ्या छोट्या गावाच्या मानाने या स्थानकाचे फलाट बरेच लांब आहेत. ते या लांबच लांब गाड्यांसाठी. ज्याला रेल्वेचा इतिहास ठाऊक नाही त्याला हे लांब फलाट कोड्यात पाडतील. खरे तर तोच त्या हजारो अनाम माणसांचा दगडात राहिलेला हिशेब होय.

१९२४ साली अर्लच्या घराण्याने प्रासाद व बागा विकून टाकल्या. कंपनीच्या हाती गेलेल्या त्या जागी सहली चालूच राहिल्या. रेल्वे कंपनी १९२३ साली एका मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. १९४८ साली ब्रिटनची सारी रेल्वे सरकारी झाली. १९५४ साली स्थानकाचे नावही 'ऑल्टन टॉवर्स' असे बदलण्यात आले. नाव भारदस्त झाले, पण गाड्यांचे दिवस भरत आले होते.

गाडी थांबली

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्ते सुधारले, आणि ग्रामीण रेल्वे तोट्यात जाऊ लागली. १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ५,००० मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्थानके, म्हणजे देशातील निम्म्याहून अधिक स्थानके, बंद करावीत अशी त्यात शिफारस होती. सारीच अमलात आली असे नव्हे. तरी त्या दशकात ब्रिटनच्या खेड्यांतून रेल्वे झपाट्याने नाहीशी झाली. ऑल्टनहून उतारूंची वाहतूक १९६५ च्या जानेवारीत बंद पडली. मग रूळ उचलले गेले.

यात कालाचा एक उपरोध आहे. १९८० साली ऑल्टन टॉवर्सच्या जागी मोठी करमणूक नगरी सुरू झाली. पाळणे, उलटसुलट फिरणाऱ्या गाड्या असे सारे तेथे आले, आणि देशभरातून माणसांची रीघ लागली. स्थानक बंद होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. ज्या खोऱ्यात उतारू नाहीत म्हणून गाडी थांबवली त्याच खोऱ्याच्या अरुंद रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागू लागल्या. कालव्याला रेल्वेने गिळले, रेल्वेला मोटारीने. प्रत्येकाला आपली वाट शेवटची वाटत होती.

रिकाम्या इमारतीचे मरण कसे येते, हे येथे सांगितले पाहिजे. दगडी भिंती सहसा आधी पडत नाहीत. आधी कोणीतरी छपराचे पन्हळ साफ करायचे सोडतो. पाणी तुंबते, भिंतीत मुरते. वाशांची टोके कुजतात. मग छपरावरचे शिसे किंवा फरशा चोरीला जातात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत आतले सारे लाकूड संपते. डर्बीशायरमधील विंगफील्डचे स्थानक हे याचे ठळक उदाहरण. वर ज्याचा उल्लेख केला त्या फ्रान्सिस थॉम्पसनचे हे १८४० मधील काम. जगातील अगदी आरंभीच्या ग्रामीण स्थानकांपैकी ते एक. १९६७ साली ते बंद झाले आणि पुढे कित्येक वर्षे ओस पडले. बाजूच्या रुळांवरून गाड्या मात्र न थांबता धावत राहिल्या. अखेर स्थानिक नगरपालिकेने कायद्याच्या बळाने ते २०१९ साली ताब्यात घेतले आणि वारसा जपणाऱ्या विश्वस्त संस्थेच्या हातून त्याची दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या दुर्लक्षाची भरपाई किती महाग पडते, हे तेथे दिसून आले.

घराचे पुन्हा घर

ऑल्टनच्या वाट्याला ही दुर्दशा आली नाही. त्याचे श्रेय लँडमार्क ट्रस्ट या संस्थेला आहे. सर जॉन स्मिथ व त्यांच्या पत्नी क्रिस्टियन यांनी १९६५ साली, म्हणजे नेमके स्थानक बंद झाले त्याच वर्षी, ही संस्था स्थापन केली. तिची कल्पना सुटसुटीत आहे. ज्या लहान पण गुणी इमारतींना कोणी वाली नाही त्या घ्यायच्या, काळजीपूर्वक दुरुस्त करायच्या, आणि सुटीत राहायला येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या. त्या भाड्यातून त्यांची निगा चालते. परगण्याच्या प्रशासनाकडून १९७२ साली ऑल्टनचे स्थानक या संस्थेकडे आले. स्टेशनमास्तरचे घर दुरुस्त होऊन तेथे चूल पेटली. पुढे प्रतीक्षालयही राहण्याजोगे करण्यात आले. फलाट जागेवर आहेत. रुळांच्या जागी गवत आणि पायवाट आहे, आणि त्या वाटेने आज पादचारी व सायकलस्वार जातात.

या तोडग्यात मला जे मोल वाटते ते असे. स्थानकाला दिलेला नवा उपयोग जुन्या उपयोगाच्या जवळचा आहे. घर होते, ते घरच राहिले. वाटसरूने घटकाभर विसावण्याची खोली होती. आता तो रात्रभर विसावतो. भिंती फोडाव्या लागल्या नाहीत, खिडक्यांना खोटी रूपे द्यावी लागली नाहीत. वरच्या कड्यावरच्या किल्ल्याचीही गोष्ट याच वळणाची. तो आधी शाळा झाला आणि पुढे बर्मिंगहॅमच्या कॅथॉलिक धर्मप्रांताने तेथे तरुणांसाठी निवासी शिबिरे भरवली. अर्लच्या वैभवाचे अवशेष असे मुलांच्या कामी आले.

आक्षेप घेणारा म्हणेल, की जे स्थानक सर्वांचे होते ते आता भाडे भरू शकणाऱ्यांचे झाले. आक्षेप खोटा नाही. एकेकाळी भांडी घडवणारा कामगार आठवड्याच्या मजुरीतून उरलेल्या पैशांत या फलाटावर हक्काने उतरत होता. तो हक्क गेला, आणि कोणत्याही दुरुस्तीने तो परत येणार नाही. पण दुसरा पर्याय कोणता होता, हेही पाहिले पाहिजे. गाडी परत आणणे कोणाच्या हाती नव्हते. एकतर दगडांचा ढिगारा, नाहीतर निगा राखणारा धनी. शिवाय वाट सर्वांना खुली राहिली. फलाटाजवळून जाणारा माणूस थांबतो, कमानी पाहतो, आणि मुलांना सांगू शकतो की येथे गाडी येत असे.

याच मार्गावरील चेडल्टनच्या स्थानकाने तिसरीच वाट धरली. रेल्वेवर प्रेम करणाऱ्या स्थानिक मंडळींनी ते राखले, आणि १९९० च्या दशकापासून खोऱ्याच्या त्या टोकाला हौशी स्वयंसेवक वाफेच्या इंजिनाच्या गाड्या चालवू लागले. एकाच मार्गावरची ही दोन स्थानके, दोघांना दोन निराळी उत्तरे मिळाली. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र समान होती: इमारत पडण्यापूर्वी कोणीतरी उठून तिची जबाबदारी घेतली.

आपल्या दारी

मुंबईतल्या भव्य गॉथिक स्थानकाची काळजी करण्यास पुष्कळ जण आहेत. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ साली सुरू होऊन दहा वर्षांत उभे राहिलेले ते स्थानक २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. प्युजिन आणि त्याच्या पिढीने इंग्लंडमध्ये ज्या शैलीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचेच ते आपल्या भूमीवर बहरलेले रूप. ते जपले जाईलच. प्रश्न आहे तो लहान वास्तूंचा. गल्लीच्या तोंडाशी असलेला दगडी क्रूस, वाडीतली बांधीव विहीर, जुन्या शाळेची कौलारू इमारत, आजोबांच्या हातचे ओटी-पडवीचे घर. यांचा निर्माता कोण ते कोणास ठाऊक नाही. त्यांना कोणत्याही यादीत जागा नाही. आणि 'आता उपयोग काय?' हा प्रश्न विचारला की त्या एका दिवसात जमीनदोस्त होतात.

तो प्रश्न विचारू नये असे माझे म्हणणे नाही. उलट तो नीट विचारावा. ही वास्तू मुळात कशासाठी बांधली होती, आणि त्याच्याच जवळपासचे कोणते काम तिच्याकडून आज होईल? मुलांना शिकवण्यासाठी बांधलेल्या खोल्यांत वाचनालय चालू शकते. माणसे जमण्यासाठी बांधलेल्या ओटीवर माणसे पुन्हा जमू शकतात. सगळेच टिकेल असे नाही, आणि सगळेच टिकवावे असेही नाही. कुटुंबे वाढतात, जागा अपुरी पडते, ही आपली खरी अडचण आहे. पण निर्णय होईपर्यंत निदान कौले फिरवून घ्यावीत, पन्हळ साफ ठेवावे. एवढे केले, तर पुढच्या पिढीला निर्णय घ्यायला काही तरी शिल्लक राहील.

ऑल्टनच्या लोकांनी काही मोठा चमत्कार केला नाही. छप्पर राखले, दार उघडे ठेवले, आत माणसे आणली. चर्नेटच्या खोऱ्यात आजही संध्याकाळी स्टेशनमास्तरच्या घराच्या खिडकीत दिवा लागतो. गाडी येत नाही. पण आत कोणीतरी जेवणाची ताटे मांडीत असते.